चिखल्यांना किरकोळ समजू नका



वर्षावासात आमच्या विहारात रोज सायंकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. दिवसभर खुरपून आलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरी साडी नेसून येतात. चपला दाराशी काढतात आणि बसताना पाय साडीखाली ओढून घेतात. मागच्या श्रावणात मी शेजारी बसलेल्या मावशींना म्हटले, “मावशी, पाय बघू जरा.” त्या लाजल्या. म्हणाल्या, “काय बघता सिस्टर, चिखल्या झाल्यात. दरसालचंच हाय.” मग दुसरीला विचारले, तिसरीला विचारले. सगळ्यांचे उत्तर तेच, दरसालचेच.

दरसाल होते म्हणून ते दुखणे साधे ठरत नाही. नर्सिंगची पदविका घेऊन मी अनेक वर्षे वॉर्डात ड्युटी केली. पावसाळ्यात सुजलेला पाय घेऊन येणारे पेशंट पाहिले. त्यातल्या बहुतेकांची सुरुवात बोटांच्या बेचकीतल्या एका चिरेपासून झालेली असायची.

चिखल्या होतात कशा?

परभणी जिल्ह्याची जमीन काळी, चिकण. पाणी धरून ठेवणारी. कापूस आणि सोयाबीनला ती चांगली, पण खुरपणाऱ्या बाईच्या पायाला नाही. चिखल चपलेला असा चिकटतो की पाऊल उचलत नाही. मग बाया चपला बांधावर ठेवतात आणि अनवाणी पातात बसतात. आठ-आठ तास पाय ओल्यात राहतात. कातडी पाणी पिऊन पांढरी, मऊ होते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची बेचकी सर्वांत अरुंद, तिथे वारा लागत नाही. तिथेच बुरशी वाढते. खाज सुटते, वास येतो, कातडी सोलते आणि चीर पडते. त्या चिरेतून जंतू आत शिरतात. शेतात खत हाताने टाकलेले असते, फवारणीही झालेली असते. फुटलेल्या कातडीला ते झोंबते, आग होते.

ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांना सर्वांत जास्त धोका. आमच्या ओळखीतल्या पन्नाशीच्या एका ताईंना असेच झाले. बेचकी फुटली तेव्हा त्यांनी मेंदी लावली. मग कुणी सांगितले म्हणून दुकानातून एक मलम आणून लावले. खाज थांबली, बरे वाटले. आठ दिवसांनी थंडी वाजून ताप आला, पाय नडगीपर्यंत लाल झाला. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा कळले की साखर खूप वाढलेली आहे. त्यांना मधुमेह आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा समजले. एक बोट काढावे लागले. ऐन हंगामातली मजुरी बुडाली आणि उपचारासाठी उचल घ्यावी लागली ती वेगळीच.

या चुका टाळा

चिखल्यांवर मेंदी लावायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. पण मेंदीच्या रंगाखाली लाली झाकली जाते आणि पाय बिघडतोय हे लक्षात येत नाही. बाजारातल्या काळ्या मेंदीत रसायन असते, ते फुटलेल्या कातडीवर अजिबात लावू नका. रॉकेल, चुना, बॅटरीतले पाणी हे तर जखम वाढवणारेच उपाय.

दुकानातून “खाजेचे मलम द्या” म्हणून आणलेल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, पण आतली बुरशी पसरत जाते आणि पुढे औषधालाही दाद देत नाही. म्हणून मलम घेण्याआधी डॉक्टरांना किंवा आरोग्यसेविकेला पाय दाखवा. बुरशीवर क्लोट्रिमॅझोलसारखे साधे मलम चालते. ते पाय कोरडे करून दिवसातून दोनदा, साधारण ४ आठवडे लावावे लागते. खाज गेली म्हणून मध्येच सोडले की चिखल्या परत येतात.

रोज एवढे करा

१. शेतातून आल्याबरोबर साबण आणि साध्या पाण्याने पाय धुवा. बेचक्यांतला चिखल बोट घालून काढा. कढत पाणी नको. साखरेच्या पेशंटला चटका कळत नाही आणि पाय भाजतो.

२. धुण्याइतकेच पुसणे महत्त्वाचे. जुन्या सुती साडीचे फडके करा आणि एकेक बेचकी टिपून कोरडी करा. घरात प्रत्येकाचे फडके वेगळे ठेवा, नाहीतर एकाची बुरशी सगळ्यांना लागते.

३. दुपारी भाकर खायला बसाल तेव्हा बांधावर पाय धुऊन, पुसून उघडे ठेवा. पंधरा-वीस मिनिटे वारा लागला तरी फरक पडतो. त्यासाठी एक कोरडे फडके पिशवीत घालून डब्याबरोबर न्या.

४. रात्री बेचक्यांत स्वच्छ, कोरड्या कापसाची सैल वळी ठेवा. आपण कापूस पिकवणारी माणसे, घरात तेवढा कापूस असतोच. सकाळी तो फेकून द्या.

५. कातडी फुटलेली नसेल तर शेतात निघताना तळव्याला आणि टाचांना व्हॅसलीनचा पातळ थर लावा. पाणी लवकर मुरत नाही. बेचकीत मात्र तेल किंवा व्हॅसलीन घालू नका.

६. गमबूट असतील तर रात्री उलटे ठेवून वाळवा. ओले मोजे दुसऱ्या दिवशी घालू नका. खोल चिखलात बूट चालत नाहीत हे मलाही माहीत आहे. पण वाटेवर, बांधावर आणि परसाकडे जाताना चप्पल घालाच. मातीतल्या हुककृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतूनच शरीरात शिरतात. ते जंत आतड्यात रक्त पितात. आपल्या बायांचे रक्त कमी होण्याचे तेही एक कारण आहे.

दवाखाना कधी गाठायचा?

लाली किंवा सूज बोटाच्या वर चढली, पू आला, ताप आला, जांघेत गाठ आली, बोट काळे पडले, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी जा. मजुरी बुडेल म्हणून थांबू नका. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात काम केल्यावर ताप येऊन पोटऱ्या फार दुखत असतील तर डॉक्टरांना तसे सांगा, तो लेप्टो असू शकतो. चालताना पायातून चप्पल निसटली आणि कळलेच नाही, असे होत असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. तीस वर्षांवरील प्रत्येकाने उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ही तपासणी मोफत असते, आशाताईंना विचारा.

एकमेकींचे पाय पाहा

पहिल्या महायुद्धात खंदकातल्या गार पाण्यात उभे राहून हजारो सैनिकांचे पाय सडले. आपल्याकडे तशी थंडी नाही, पण ओल तीच. तेव्हा सैन्याने शिस्त लावली की रोज मोजे बदलायचे, पाय कोरडे करायचे आणि दोघादोघांनी एकमेकांचे पाय तपासायचे. त्यानंतर हे दुखणे पुष्कळ कमी झाले. आपल्या खुरपणीच्या टोळीत हे का होऊ नये? दोघी-दोघींनी जोडी करावी. आपल्याच बोटांची बेचकी वाकून नीट दिसत नाही, मैत्रिणीला दिसते.

विनयपिटकातील महावग्गात सोण नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. चंक्रमण करून करून त्याचे पाय फुटले, वाट रक्ताने माखली. तथागतांनी त्याला पादत्राण घालण्याची परवानगी दिली. मला एकट्याला नको, संघाला मिळत असेल तर घालीन, असे तो म्हणाला. तेव्हा सगळ्या संघाला ती मिळाली. देह झिजवणे म्हणजे साधना, असे तथागतांनी मानले नाही.

माझी आजी सांगायची, वरच्या आळीतून जाताना आपल्या माणसांना चपला हातात घ्याव्या लागत. बाबासाहेबांच्या चळवळीने आपल्याला ताठ चालायला शिकवले. म्हणून पायांची काळजी घेणे हे कुणी चोचले समजू नये. मालकाकडे दुपारची पायधुणीची पंधरा मिनिटे मागा आणि टोळीने मिळून मागा. गटार आणि सेप्टिक टँकच्या कामावर जाणाऱ्या बांधवांना तर २०१३ च्या कायद्याच्या नियमांनुसार गमबूट देणे मालकावर बंधनकारक आहे.

त्या मावशी आता ग्रंथवाचनाला येताना पिशवीत फडके आणतात. परवा त्यांनीच शेजारणीला म्हटले, “दाखव बरं पाय.” तुमच्या विहारातही येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर एकमेकींना हेच म्हणा.