औषधाची कसोटी

क्रांती चौक हा आमच्या शहरांतील मोठ्या रहदारीचा चौक. इ. स. २०२१ च्या एप्रिलांत टाळेबंदीमुळें तेथें शुकशुकाट होता. तरी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन रेमडेसिव्हिरचें इंजेक्शन शोधणारीं माणसें तेथून धांवतांना दिसत. तें मिळालें तर आपलें माणूस वांचेल, हीच त्यांची आशा. ती कितपत साधार होती, हें विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

करोनाचा विषाणू आपल्या पेशींत शिरून त्यांच्याच सामग्रीनें आपल्या प्रती काढवितो. रेमडेसिव्हिर ह्या कामांत अडथळा आणतें. परंतु रोग बळावल्यावर विषाणूपेक्षां शरीराचा प्रक्षोभच फुप्फुसांचा अधिक घात करितो. तेव्हां हें औषध देणें म्हणजे बहुधा बैल गेला आणि झोंपा केला! रुग्णालयांतील रोग्यांचे मृत्यू त्यानें फारसे टळत नाहींत, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या चांचणींत ऑक्टोबर २०२० मध्येंच दिसलें होतें. आरंभींच्या दिवसांत, अधिक धोका असलेल्यांस दिल्यास मात्र तें उपयोगी पडतें, हें पुढें सिद्ध झालें.

उलट, डेक्सामेथासोन हें जुनें व स्वस्त औषध तो प्रक्षोभ शमवितें. ब्रिटनमध्यें जणूं चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट केले. एकास हें औषध दिलें, दुसऱ्यास नाहीं. व्हेंटिलेटरवरील १०० रोग्यांपैकीं औषधाविना सुमारें ४१ दगावले, औषध घेतलेल्यांत सुमारें २९. ज्यांस प्राणवायूची गरज नव्हती, त्यांस मात्र कांहींच लाभ झाला नाहीं. शिवाय अशीं औषधें वाजवीपेक्षां अधिक दिल्यानें, विशेषतः मधुमेही रोग्यांत, २०२१ मध्यें म्युकरमायकोसिसला वाव मिळाला.

गट कशासाठीं पाडावयाचे? करोनाचे बहुतेक रोगी आपोआपच बरे होतात. म्हणून कोणताही काढा घेणाऱ्यास त्याचाच गुण आला असें वाटतें. खरें काय तें तुलनेवांचून कळत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, कोणी नवें औषध सुचविल्यास "कोणास गुण आला?" एवढेंच विचारूं नका, "न घेणाऱ्यांचें काय झालें?" हेंही विचारा. आणि ज्यांना त्या एप्रिलांत इंजेक्शन मिळालें नाहीं, त्यांनीं आपल्या धांवपळींत उणें पडलें म्हणून माणूस गेलें, असें मनास लावून घेऊं नये.