हिशेब विचारणारं सभागृह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अधिवेशन सुरू झालं की टीव्हीवर ठरलेली दृश्यं दिसतात. विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन उभे असलेले आमदार, अध्यक्षांच्या आसनासमोर जमलेला घोळका, घोषणा, तहकुबी. एवढं पाहून लोक ठरवून टाकतात की सरकारी पैशाचा हिशेब कुणी विचारत नाही, आणि विचारला तरी उपयोग नाही. हा समज मला फार घातक वाटतो. अर्थखात्याची कागदपत्रं रात्र रात्र वाचणारे सदस्य प्रत्येक सभागृहात थोडे का होईना असतात. त्यांच्या मेहनतीची कुणी दखल घेत नाही, आणि ज्यांना मेहनत करायचीच नसते त्यांना आयती सबब मिळते.

“प्रश्नोत्तराचा तास गोंधळात गेला, म्हणजे प्रश्न वाया गेले”

लोकसभेत एका दिवसाच्या यादीवर २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं आणि सदस्यांनी त्यावर उपप्रश्न विचारायचे. अतारांकिताचं उत्तर फक्त लेखी. तासाभरात तोंडी उत्तराची पाळी येते ती मोजक्याच प्रश्नांवर. पण बाकीच्यांचीही लेखी उत्तरं सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात, मग त्या दिवशी कामकाज चालो वा न चालो. पंधरा दिवस आधी नोटीस गेलेली असते. त्या पंधरा दिवसांत कक्ष अधिकाऱ्यापासून सचिवापर्यंत फाइल फिरते, जिल्ह्यांतून आकडे मागवले जातात, आणि मंत्र्याच्या सहीने जे छापलं जातं ते सरकारचं अधिकृत म्हणणं ठरतं. त्यात खोटं सापडलं तर हक्कभंगाचा प्रस्ताव येऊ शकतो.

गोंधळात खरोखर बुडतात ते उपप्रश्न. हे नुकसान किती मोठं आहे, ते महाराष्ट्राच्या विधानमंडळातला तारांकित प्रश्न कसा छापलेला असतो हे पाहिल्यावर कळतं. त्याचा साचा वर्षानुवर्षांचा आहे. पहिल्या भागात वस्तुस्थिती मांडून शेवटी ‘हे खरे आहे काय’. दुसऱ्या भागात ‘असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय’. आणि अखेरीस ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तराचाही साचा आहे. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असं लिहिलं की पुढच्या सगळ्या भागांपुढे एकच ओळ येते: ‘प्रश्न उद्भवत नाही’.

म्हणजे सगळा प्रश्न पहिल्या भागावर टांगलेला असतो. त्यात महिना चुकला, रक्कम चुकली, योजनेचं नाव अर्धवट लिहिलं, की खात्याला ‘हे खरे नाही’ म्हणायची मोकळीक मिळते, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटंही नसतं. म्हणूनच मुरलेले सदस्य पहिल्या भागात शासन निर्णयाचा दिनांक आणि लेखाशीर्ष घालतात. तेव्हा उत्तर बदलून ‘हे अंशतः खरे आहे’ असं येतं. उपप्रश्नांची खरी जागा तीच, कारण कुठला अंश खरा आहे हे मंत्र्याला तिथे उभं राहून सांगावं लागतं.

मंत्री ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ म्हणाले म्हणजे विषय मिटला, असंही समजलं जातं. संसदेत या वाक्याची नोंद आश्वासन म्हणून होते. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं करावं असा दंडक आहे. मुदत वाढवून घेण्याचं प्रमाण मोठं आहे, हे मान्य. पण प्रलंबित आश्वासनांची यादी राहते, आणि समिती त्या मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकते.

“सत्ताधारी बाकावरचा माणूस आपल्याच अर्थमंत्र्याला कशाला अडचणीत आणेल?”

याचं उत्तर १९५७ सालात आहे. आयुर्विमा महामंडळ सप्टेंबर १९५६ मध्ये स्थापन झालं. लाखो सामान्य विमाधारकांचे हप्ते एका सरकारी संस्थेच्या हाती आले. पुढच्याच वर्षी, जून १९५७ मध्ये, महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे शेअर घेतले. मुंदडा त्या वेळी आर्थिक अडचणीत होते. महामंडळाची गुंतवणूक समिती होती, पण या व्यवहारात तिला आधी विचारलंच गेलं नाही.

सभागृहात प्रश्न आला तेव्हा पहिली सरकारी उत्तरं गुळमुळीत होती. १६ डिसेंबर १९५७ रोजी रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी बोलायला उभे राहिले. ते काँग्रेसचे होते, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी काँग्रेसचे होते आणि पंतप्रधान नेहरू फिरोज यांचे सासरे होते. कुठले शेअर, कुठल्या दिवशी, कुठल्या भावाने घेतले, हे त्यांनी क्रमाने मांडलं. बाजार सावरण्यासाठी खरेदी केली असं सरकारच्या वतीने सांगितलं जात होतं. त्याला त्यांनी आकड्यांनीच उत्तर दिलं. भाषण गाजलं ते त्या तपशिलामुळे.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांची एकसदस्यीय चौकशी नेमली गेली. त्यांनी ती जाहीरपणे चालवली. गर्दी इतकी की बाहेरच्या लोकांना ऐकता यावं म्हणून ध्वनिक्षेपक लावले होते. महिन्याभरात काम आटोपलं आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल आला. अर्थसचिव एच. एम. पटेल यांच्या भूमिकेवर त्यात टीका होती, पण छागला तिथे थांबले नाहीत. सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यावरच येते, ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून ती टळत नाही, असं त्यांनी नोंदवलं. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला आणि त्या वर्षीचा अर्थसंकल्प खुद्द पंतप्रधान नेहरूंनी मांडला.

लेखी प्रश्न, टाळाटाळीचं उत्तर, पुन्हा प्रश्न, चर्चा, चौकशी, राजीनामा ही साखळी सहा महिन्यांच्या आत पुरी झाली. आज इतक्या वेगाने काही घडत नाही याचं मला वाईट वाटतं. पण ज्या नियमांच्या आधारे ते घडलं, त्यांचा गाभा आजही तोच आहे.

“अर्थसंकल्पात आलं, म्हणजे पैसे आले”

गावोगावी या समजुतीपायी लोक फसतात. ‘आपल्या पुलाला पाच कोटी मंजूर’ असा फलक लागतो आणि वर्ष सरलं तरी एक खडी पडत नाही. अर्थसंकल्पात असते ती तरतूद, म्हणजे खर्च करण्याची परवानगी. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि वित्त विभागाच्या संमतीने निधी वितरण अशा पायऱ्या असतात. वर्षभरात महसूल कमी आला तर वित्त विभाग वितरणाची टक्केवारीच रोखून धरतो. मार्चअखेर उरलेली रक्कम परत जाते, नाहीतर घाईघाईने खर्ची पडते. म्हणून ‘किती तरतूद केली’ हा प्रश्न अर्थमंत्र्यांना सोयीचा आहे. ‘आजअखेर किती वितरित झाले आणि त्यातले किती प्रत्यक्ष खर्च झाले’ हा खरा प्रश्न.

याला जोडून पुरवणी मागण्यांचा, म्हणजे अर्थसंकल्पानंतर सभागृहाकडे मागितलेल्या जादा खर्चाच्या मंजुरीचा, घोळ आहे. एका बाजूला लोक म्हणतात, पुरवणी मागणी म्हणजे फसलेला अर्थसंकल्प. दुसऱ्या बाजूला सरकार म्हणतं, ही नेहमीची बाब आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ मध्ये राज्यांना ही सोय दिलेली आहे. पूर, दुष्काळ, न्यायालयाचा निकाल, केंद्राकडून अचानक आलेला निधी यांसाठी ती लागतेच. शिवाय मथळ्यात छापला जातो तो ढोबळ आकडा असतो. ३० जून २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने ५७,५०९ कोटींच्या मागण्या मांडल्या, पण तिजोरीवरचा निव्वळ भार ४०,६४४ कोटी होता, कारण काही रक्कम केंद्राकडून यायची असते आणि काही नुसती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवलेली असते.

तरीही सवय ही सवयच. २८ जून २०२४ रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याच अधिवेशनात जुलैमध्ये ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यातला मोठा वाटा त्याच अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या लाडकी बहीण योजनेसाठी होता. योजना चांगली की वाईट हा वेगळा वाद. महिन्याच्या आत इतका मोठा आकडा पुन्हा आणावा लागत असेल, तर मूळ अंदाज कशावर बांधला होता, हे विचारणं विरोधकांचं आणि तितकंच सत्ताधारी आमदारांचंही काम आहे.

“आमदारांनी ठरवलं तर हवी ती रक्कम वाढवून घेता येते”

सभागृहाला मागणी मंजूर करता येते, फेटाळता येते किंवा कमी करता येते. वाढवण्याचा अधिकार नाही. वाढ सुचवायची तर ती सरकारनेच. विधान परिषदेला चर्चा करता येते, मागण्यांवर मतदान नाही, आणि धन विधेयक तिने चौदा दिवसांत परत पाठवायचं असतं. कर्जावरचं व्याज, न्यायाधीशांचे पगार असा भारित खर्च तर मतदानाला टाकलाच जात नाही, फक्त चर्चा होते.

मग कपात सूचना कशाला? धोरणच नामंजूर असेल तर मागणी एक रुपयावर आणा. खर्च जास्त वाटला तर ठरावीक रक्कम कापा. विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कमी करा. लोकसभेतले हे तिन्ही प्रकार रकमेसाठी नसतात, खात्याला त्या विषयावर बोलायला भाग पाडण्यासाठी असतात. अशी सूचना सरकारचा विरोध असताना मंजूर झाली, तर सरकारने बहुमत गमावलं असं मानलं जातं. पण वेळ संपला की उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मतास टाकल्या जातात. मार्च २०१८ मध्ये लोकसभेत सगळ्याच खात्यांच्या मागण्या अशा चर्चेविना मंजूर झाल्या. गोंधळाची सगळ्यात महाग किंमत ही आहे, आणि ती सरकारला मुळीच मोजावी लागत नाही.

“कॅगचा ठपका, म्हणजे घोटाळा सिद्ध”

कॅग, म्हणजे भारताचा नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, आक्षेप नोंदवतो. शिक्षा करत नाही, आणि प्रत्येक आक्षेप म्हणजे चोरीही नसते. उपयोगिता प्रमाणपत्र आलं नाही, निविदेचा नियम पाळला नाही, पैसे वापराविना पडून राहिले, असे अनेक प्रकार त्यात येतात. अहवाल सभागृहात मांडला की तो लोकलेखा समितीकडे जातो. संसदेची ही समिती १९२१ पासूनची. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे तिचे २२ सदस्य, आणि मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. १९६७ मध्ये मिनू मसानी तिचे पहिले विरोधी पक्षीय अध्यक्ष झाले आणि तेव्हापासून तो पायंडा पडला.

या समितीसमोर मंत्र्याला बोलावत नाहीत. साक्ष द्यायला येतात सचिव. बैठक बंद दाराआड असते, कॅमेरा नसतो, त्यामुळे पक्षाच्या घोषणाही नसतात, आणि सत्ताधारी सदस्यही तिथे बरेच मोकळेपणाने विचारतात. १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्याही आहेत. नोटाबंदीनंतर जानेवारी २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांना अर्थविषयक स्थायी समितीने आणि लोकलेखा समितीने एकाच आठवड्यात बोलावून घेतलं होतं. या समित्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. पण कुठली स्वीकारली, कुठली नाही आणि का, हे सरकारला लेखी कळवावं लागतं, आणि ते उत्तरही पुढच्या अहवालात छापून येतं.

हे सगळं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे, हा शेवटचा गैरसमज. लोकसभा, राज्यसभा आणि महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळांवर प्रश्नोत्तरं आणि समित्यांचे अहवाल मोफत वाचता येतात. आमदाराकडे ‘साहेब, आमच्या रस्त्याचं बघा’ एवढंच लिहिलेलं निवेदन दिलं, तर त्याचा प्रश्न होत नाही. कामाचं नाव, प्रशासकीय मान्यतेचा दिनांक, लेखाशीर्ष, तरतूद किती, वितरण किती आणि कार्यारंभ आदेश निघाला का, एवढं एका कागदावर लिहून द्यावं. त्यातलं बरंचसं तालुक्याच्या बांधकाम उपविभागात माहिती अधिकाराखाली मिळतं. असा कागद हाती असलेल्या आमदाराच्या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ असं उत्तर देणं खात्याला फार अवघड जातं.