गती आहे, पण वाट नाही

पुण्यातल्या लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही सराफी पेढीत सोनं आणि चांदी शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. एक पिवळं, दुसरी पांढरी. हा फरक पडतो तो मुख्यतः सोन्याच्या अणूतले आतले इलेक्ट्रॉन फार वेगात असल्यामुळे. हे वाचताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शाळेच्या पुस्तकातलं चित्र येईल: मधे अणुकेंद्र, भोवती गोल कक्षा, त्यांवरून गरगर फिरणारे ठिपके. या विषयातले बरेचसे गैरसमज त्याच चित्रातून निघतात, कारण ते चित्र गती आणि वाट या दोन गोष्टी एकच मानतं. सूक्ष्म कणांच्या जगात गती असते, ठरलेली वाट नसते.

तेव्हा पहिला गैरसमज हाच, की इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरतो. तसा तो खरोखर फिरत असता, तर वळताना सतत प्रारण सोडून ऊर्जा गमावत सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतच अणुकेंद्रात कोसळला असता. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठरावीक कक्षा सांगून अणू वाचवला. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी कक्षाच काढून टाकल्या. हायड्रोजनच्या सर्वांत खालच्या अवस्थेत इलेक्ट्रॉनचा केंद्राभोवतीचा कोनीय संवेग चक्क शून्य असतो. म्हणजे प्रदक्षिणा नाहीच. तरीही त्याची गतिज ऊर्जा शून्य नसते. ती सरासरी १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, वेगाच्या हिशेबात सेकंदाला साधारण २,२०० किलोमीटर. तो कुठून कुठे गेला, या प्रश्नाला इथे अर्थ नाही. त्याचा संवेग किती असू शकतो, या प्रश्नाला आहे.

हा वेग केंद्रातल्या प्रोटॉनांच्या संख्येबरोबर वाढतो. हायड्रोजनमध्ये तो प्रकाशवेगाचा १३७वा भाग असतो. चांदीत ४७ प्रोटॉन, म्हणून सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे ३४ टक्के. सोन्यात ७९, म्हणून सुमारे ५८ टक्के. इतक्या वेगाला आइन्स्टाइनची सापेक्षता बाजूला ठेवून चालत नाही. तिच्यामुळे सोन्याची सर्वांत बाहेरची इलेक्ट्रॉन-पातळी आकसून खाली येते, तिच्या लगतची भरलेली पातळी वर सरकते आणि दोघींमधलं अंतर इतकं घटतं, की निळा प्रकाश शोषला जातो. उरलेला पिवळसर दिसतो. चांदीत हे अंतर मोठंच राहतं. ते ओलांडायला अतिनील किरण लागतात, म्हणून दृश्य प्रकाश जवळपास सगळा परत फिरतो. पुणेकरांना दागिन्यांपेक्षा गाडी जवळची असेल तर आणखी एक हिशेब: शिसे-आम्लाच्या बॅटरीतल्या एका घटाचा दाब साधारण २.१ व्होल्ट असतो. शिशाच्या इलेक्ट्रॉनांची सापेक्षता वजा केली तर त्यातले १.७ व्होल्ट उरलेच नसते, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेलं गणित सांगतं.

दुसरा गैरसमज स्पिनबद्दल. ‘इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याला स्पिन असतो.’ इलेक्ट्रॉनला इवला गोळा मानून हे गणित करून पाहिलं, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशवेगाच्या कितीतरी पट निघतो. तेव्हा ते फिरणं नव्हे. स्पिन हा विद्युतभारासारखाच कणाचा अंगभूत गुण आहे. इलेक्ट्रॉनला कितीही पळवा, थांबवा, स्पिनचं परिमाण तसूभर बदलत नाही.

मग हालचालीनं काय बदलतं? याचं उत्तर पुणे जिल्ह्यात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या लावून रोज मोजलं जातं. नारायणगावजवळ खोडदला असलेली, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली जीएमआरटी दुर्बीण हायड्रोजनचे संदेश ऐकते. अणूतल्या प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनचे स्पिन एका दिशेचे असतील आणि इलेक्ट्रॉनचा उलटला, तर १,४२० मेगाहर्ट्झची, २१ सेंटिमीटरची रेडिओलहर निघते. एकट्या अणूला सोडून दिलं तर ही उलटापालट होण्यासाठी सरासरी एक कोटी वर्षांहून अधिक काळ जातो. आकाशगंगेत अणू अफाट आहेत म्हणून संदेश येत राहतो. आता दीर्घिकेची एक बाजू सेकंदाला २०० किलोमीटर वेगानं आपल्याकडे येत असेल, तर आपल्याला लागणारी वारंवारता साधारण एक मेगाहर्ट्झनं वाढते. दूर जाणाऱ्या बाजूची तितकीच घटते. अणूच्या आतली पातळी हललेली नाही, स्पिनही तोच आहे. बदललं ते फक्त पाठवणारा आणि ऐकणारा यांच्यातलं नातं. कणाचे अंगभूत गुण आणि त्याची अवस्था यांत गल्लत करू नये, ती अशी.

अवस्थेत मात्र हालचालीला मोठी किंमत आहे. लुई द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये मांडलं, की प्रत्येक कणाला तरंगलांबी असते आणि ती संवेगाच्या व्यस्त प्रमाणात असते. सेकंदाला ४० मीटर वेगानं आलेल्या क्रिकेटच्या चेंडूची तरंगलांबी मीटरचा १०^-३४ भाग, म्हणजे मोजण्याच्या पलीकडची. इथून तिसरा गैरसमज फुटतो: क्वांटम परिणाम पाहायचे तर कण सुसाट हवेत. अणूंच्या बाबतीत तर नेमकं उलट, ते मंद करावे लागतात. पुण्यात पाषाणला असलेल्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत, उमाकांत रापोल यांच्या प्रयोगशाळेत हेच चालतं. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला तीनेकशे मीटर धावतो. समोरून लेझर सोडला, तर शोषलेला प्रत्येक फोटॉन त्याचा वेग सेकंदाला जेमतेम सहा मिलिमीटरनं कमी करतो. पूर्ण थोपवायला असे पन्नासेक हजार धक्के लागतात. तापमान केवल शून्याच्या वर अंशाच्या एक कोटीव्या भागापर्यंत उतरलं, की तरंगलांबी सुमारे ०.६ मायक्रॉन होते, खोलीतल्या अणूच्या जवळपास पंचावन्न हजार पट. तरंग एकमेकांवर चढतात आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावानं ओळखला जाणारा संघनित पदार्थ तयार होऊ शकतो.

‘केवल शून्याला सगळी हालचाल थांबते’ हेही चूक. जागा बांधली, की संवेगात पसारा राहतोच. नेहमीच्या वातावरणदाबाखाली हेलियम कितीही थंड केला तरी गोठत नाही, कारण अणूंची ही उरलेली हालचाल त्यांना जागेवर बसू देत नाही. त्याला साधारण पंचवीस पट दाब द्यावा लागतो. या पसाऱ्याला मोजमापाची हलगर्जी समजणारे पुष्कळ. उपकरण आदर्श असलं तरी तो राहील. (‘आपली कंपनं बदला’ असं सांगत क्वांटमच्या नावानं शिबिरं घेणाऱ्यांचा मात्र यातल्या कशाशीही संबंध नाही.)

हालचाल आणि क्वांटम गुण यांची खरी झटापट आयसरच्याच एका प्रयोगात दिसली. एम. एस. संथानम आणि रापोल यांच्या गटानं थंड अणूंना प्रकाशाच्या स्थिर लहरींचे ठरावीक वेळानं ठोके दिले. साधे, न्यूटनचे नियम पाळणारे कण असते तर प्रत्येक ठोक्यागणिक त्यांची ऊर्जा सरासरीनं वाढत गेली असती. क्वांटम अणूंची ऊर्जा काही ठोक्यांनंतर वाढायची थांबते, कारण त्यांच्या संवेगाच्या वेगवेगळ्या शक्यता एकमेकींना छेदतात. ठोक्यांमध्ये गोंधळ मिसळला, की ही छेदाछेद मोडते आणि ऊर्जा पुन्हा चढू लागते. ही मोडतोड झपाट्यानं, घातांकी गतीनं होते असं सहसा मानलं जातं. २०१७ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार, गोंधळाच्या दोन प्रसंगांमधलं अंतर लेव्ही वितरणाप्रमाणे, म्हणजे मधूनच फार लांबणारं ठेवलं, तर मोडतोड त्याहून बरीच सावकाश होते आणि ऊर्जेची चढणही मंदावते. म्हणजे अणू किती हलवला यासोबतच, त्या हलवण्यात खंड कसे पडले, यावरही त्याचं क्वांटमपण किती टिकणार हे ठरतं.