परमुलखातील फोन

दसरा उलटला की शिरूर कासार तालुक्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, आणि गाळप हंगाम आटोपेपर्यंत पुष्कळ घरांचा कारभार वृद्धांच्या हाती राहतो. या प्रवासात फोनची विवंचना आता उरलेली नाही. गावात घेतलेले सिमकार्ड कोल्हापूरच्या फडातही चालते आणि बेळगावकडच्या कोपीतही. परंतु ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कोयता हाती धरला, त्याच घरांतील एखादी मुलगी परिचर्येचे शिक्षण पुरे करून, किंवा एखादा मुलगा वीजतंत्रीचे प्रमाणपत्र मिळवून, आखाती देशांकडे अथवा युरोपकडे जाण्याचे मनात आणतो, तेव्हा हाच प्रश्न अगदी निराळ्या स्वरूपात उभा राहतो. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून तर या प्रश्नाचा विचार आगाऊ करून ठेवणे अगत्याचे झाले आहे.

परक्या देशात नवख्या माणसासाठी स्वस्त सेवा तीच, जी मुदतीच्या बंधनावाचून मिळते आणि न परवडल्यास पुढच्या महिन्यात सोडून देता येते. मुकादमाकडून उचल घेणाऱ्यास रोख रक्कम एकदम मिळते आणि त्या बदल्यात त्याचा सारा हंगाम बांधला जातो. जर्मनीतील दुकानात नवा कोरा हँडसेट हाती ठेवून चोवीस महिन्यांच्या करारनाम्यावर जी सही घेतली जाते, तो व्यवहार याच जातीचा आहे. पहिल्या कराराची मुदत तेथील कायद्याप्रमाणे चोवीस महिन्यांपर्यंत असू शकते, आणि मधल्या काळात नोकरी गेली तरी हप्त्याचे देणे चुकत नाही. १ डिसेंबर २०२१ पासून एवढी सुधारणा मात्र झाली आहे की, मूळ मुदत संपून करार पुढे चालू राहिला, तरी एक महिन्याची सूचना देऊन तो रद्द करता येतो. पूर्वी वेळेवर सूचना न दिल्यास आणखी वर्षभराचा भार अंगावर पडत असे.

या बंधनातून मुक्त राहण्याचा सरळ मार्ग म्हणजे प्रीपेड कार्ड. टेलिकॉम, व्होडाफोन आणि ओटू ही जर्मनीतील प्रमुख दूरसंचार जाळी होत. परंतु आल्डी, लिडल यांसारख्या किराणा दुकानांच्या साखळ्या स्वतः एकही मनोरा न उभारता, या जाळ्यांवरील सेवा घाऊक दराने घेऊन आपल्या नावाने सिमकार्डे विकतात, आणि मनोऱ्यांचा खर्च शिरावर नसल्यामुळे त्यांना कमी दर ठेवणे साधते. आल्डीचे कार्ड ओटूच्या व लिडलचे व्होडाफोनच्या जाळ्यावर चालते. तेव्हा राहत्या जागी कोणते जाळे बळकट आहे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारून मगच निवड करावी. रिचार्जची मुदत बहुधा चार आठवड्यांची असते, म्हणजे वर्षाकाठी तेरा वेळा भरणा करावा लागतो, हेही हिशेबात धरावे. जुलै २०१७ पासून ओळखीची रुजुवात झाल्यावाचून तेथे प्रीपेड कार्ड सुरू होत नाही, म्हणून पारपत्र जवळ बाळगावे आणि दुसऱ्या कोणाच्या नावावरचे कार्ड कितीही आग्रहाने देऊ केले तरी स्वीकारू नये. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातील अन्य देशांत तात्पुरते गेल्यास रोमिंगचा जादा आकार पडत नाही, ही सवलतही ध्यानात असावी.

आखाती देशांची रीत वेगळी आहे. संयुक्त अरब अमिरातीत रहिवाशाला सिमकार्ड घेण्यास अमिरातीचे ओळखपत्र लागते, आणि तेथे व्हॉट्सॲपवरून संदेश जात असले तरी त्यावरील संभाषणास बंदी राहिली आहे. शासनाची अनुज्ञा असलेली बोटिमसारखी ॲपच तेथे उपयोगी पडतात. हे ठाऊक नसल्यास पहिल्या रात्री इकडे आईवडील फोनकडे डोळे लावून बसतात आणि तिकडे मुलगा हतबुद्ध होतो. ते ॲप गावी असतानाच दोन्ही फोनांवर बसवून ठेवावे.

याहूनही अधिक जपावयाचा तो आपला भारतीय क्रमांक. बँकेचा व आधारचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, आणि नव्वद दिवस वापर न झाल्यास तो क्रमांक बंद होऊन पुढे दुसऱ्याच्या स्वाधीन होऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतील अनिवासी भारतीयांना तेथील क्रमांकावर यूपीआय वापरण्याची मुभा मिळाली; त्या यादीत अमिराती होती, जर्मनी नव्हती. म्हणून निघण्यापूर्वी भारतीय कार्डावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, विमानात बसताना त्या कार्डाचा डेटा बंद करावा, आणि दोन सिम चालणारा फोन असल्यास ते कार्ड केवळ संदेशांसाठी राखून ठेवावे. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ संभाषण व संदेश यांचे, डेटाविरहित रिचार्ज देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. असे दीर्घ मुदतीचे रिचार्ज या कामास सोयीचे पडते.

३१ मार्च २००२ पर्यंत परदेशी दूरध्वनीचा मक्ता विदेश संचार निगमाकडे होता आणि मिनिटामिनिटाचा आकार जीव दडपून टाकी. आज इंटरनेटमुळे तो खर्च जवळजवळ नाहीसा झाला आहे. परंतु संभाषणास दोन टोके असतात. मुलाने परदेशी स्वस्त कार्ड मिळविले आणि कोपीवरील आईच्या फोनात डेटाच नसला, तर ती सारी तजवीज व्यर्थ होय. म्हणून मुलाच्या मासिक खर्चात आईच्या रिचार्जची रक्कम धरलेली असावी, आणि जर्मनीचे घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तासांनी मागे असते हे ध्यानी घेऊन बोलण्याची वेळ निश्चित केलेली असावी.

तालुक्यातील शिक्षकांना, ग्रामसेवकांना आणि नोकरीनिमित्त परदेशी राहून आलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पारपत्र आणि व्हिसा यांच्या कागदपत्रांसोबत या गोष्टीही त्यांनी जाणाऱ्या मुलांना एकदा समोर बसवून समजावून द्याव्यात. आणि त्या मुलांना एवढेच सांगणे आहे की, पहिला पगार हाती येऊन राहण्याची जागा कायम होईपर्यंत फोनच्या कोणत्याही दीर्घ करारनाम्यावर सही करू नका.