न गेलेली वाटी

शेजारून विरजण आणायचे तर पोराच्या हातात रिकामी वाटी द्यावी लागते. प्रोग्रामिंगमधला आउट पॅरामीटर ही तशीच वाटी. फंक्शन एक उत्तर रिटर्न करते. आणखी काही हवे असेल तर रिकामे व्हेरिएबल पुढे करायचे आणि ते भरून घ्यायचे. एकाच मशीनवर हे सोपे, कारण दोघांची मेमरी एकच. सर्व्हर परगावी असला की मात्र पंचाईत: वाटी तिथवर जाणार कशी?

ती जातच नाही. अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ साली रिमोट प्रोसिजर कॉलवरचा निबंध छापला, तेव्हाच हे स्पष्ट होते. दोन मशीनची मेमरी वेगळी, त्यामुळे व्हेरिएबलचा पत्ता पलीकडे धाडून उपयोग नाही. पलीकडून येतो तो फक्त निरोप. तो उलगडून इथल्या वाटीत ओतायचे काम घरातलाच गडी, म्हणजे स्टब किंवा प्रॉक्सी, करतो. पुढची जवळपास तीन दशके हा गडी वाटी जाऊन आल्याचे सोंग किती बेमालूम वठवतो, एवढाच प्रश्न होता.

नव्वदच्या दशकात कॉर्बा या रिमोट कॉलच्या मानकाने इन, आउट, इनआउट असे शब्दच आपल्या भाषेत घेतले. मग जावा आली, आणि जावात आउट हा प्रकारच नाही. तोडगा निघाला होल्डर नावाच्या क्लासचा: आत एकच फील्ड, नाव 'व्हॅल्यू'. पूर्णांकाला वेगळा होल्डर, स्ट्रिंगला वेगळा. जावा ५ मध्ये जेनेरिक्स आल्यावर जॅक्स-डब्ल्यूएस या जावाच्या वेब सर्व्हिस मानकाने एकाच होल्डरवर सगळ्यांचे भागवले, ही त्यातल्या त्यात सुटका.

वेब सर्व्हिसच्या जमान्यात सोप १.१ या एक्सएमएल निरोपांच्या मानकाने, मे २००० मध्ये, उत्तराची मांडणी ठरवून दिली: आधी रिटर्न व्हॅल्यू, मग आउट पॅरामीटर, फंक्शनच्या सिग्नेचरमधल्या क्रमाने. रिटर्न व्हॅल्यूच्या टॅगचे नाव काय, याला महत्त्व नव्हते. सर्व्हिसचे वर्णन लिहायच्या २००१ च्या डब्ल्यूएसडीएल १.१ मध्ये तर आउट अशी वेगळी खूणही नाही. मेसेजचा भाग फक्त उत्तरात दिसला तर तो आउट समजायचा, विनंतीतही असला तर इनआउट.

२००२ मध्ये डॉटनेट आले. ‘ॲड वेब रेफरन्स’ केले की प्रॉक्सी आपोआप तयार. ती उघडून पाहिली तर सोंगाचा मुखवटा लगेच उतरे. आत इनव्होकला एक कॉल, त्यातून परत येणारा ऑब्जेक्ट ॲरे. शून्याव्या खणातली किंमत रिटर्न व्हायची, पहिल्या खणातली कास्ट करून आउट व्हेरिएबलमध्ये टाकायची. दोन ओळी, बस्स! पण सर्व्हरवरचे फंक्शन काहीच रिटर्न करत नसेल आणि एकच आउट देत असेल, तर क्लायंटच्या प्रॉक्सीत तेच रिटर्न व्हॅल्यू होऊन बसे. सर्व्हरचा कोड शेजारी ठेवून क्लायंट लिहिणारा माणूस गोंधळणारच.

खरी गंमत २००६ च्या अखेरीस डॉटनेटमध्ये सर्व्हिस लिहायची नवी पद्धत, डब्ल्यूसीएफ, आल्यावर झाली. सर्व्हरवर साधे फंक्शन: पूर्णांक घ्या, पूर्णांक द्या. जुन्या पद्धतीने वेब रेफरन्स घेतला की क्लायंटला दिसे ते भलतेच. फंक्शन आता काहीच रिटर्न करत नाही. उलट दोन आउट पॅरामीटर मागते. एक निकालाचा, दुसरा ‘स्पेसिफाइड’ शेपटीचा बूलियन. पाठवायच्या पूर्णांकामागेही तसलीच शेपटी. ज्याने आउट लिहिलाच नव्हता त्याच्या पदरात दोन पडले.

दोष कोणा प्रोग्रामरचा नव्हता. डब्ल्यूसीएफचा डेटा काँट्रॅक्ट सीरियलायझर स्कीमात ते घटक ऐच्छिक म्हणून जाहीर करी. जुन्या प्रॉक्सीला पूर्णांक नल ठेवता येत नसे, मग ‘किंमत आली की नाही’ हे सांगायला बूलियन हवाच. यातली खोच पाठवताना बोचे: पूर्णांक भरला पण शेपटी ट्रू करायची राहिली, तर किंमत एक्सएमएलमध्ये जातच नसे. एरर नाही, काही नाही. सर्व्हरला मुकाट शून्य. सर्व्हिसवर एक्सएमएल-सीरियलायझर-फॉरमॅटची एक ओळ लावली किंवा ‘ॲड सर्व्हिस रेफरन्स’ वापरला की शेपट्या गळून पडत. पण हे कळेपर्यंत दुपार गेलेली असे.

वाटीचे सोंग मोडले ते असिंक कॉलमुळे. डॉटनेटच्या सी शार्प भाषेच्या २०१२ च्या ५ व्या आवृत्तीत असिंक-अवेट आले आणि त्यासोबत मनाईही: असिंक फंक्शनला आउट पॅरामीटर चालणार नाही. उत्तर येईपर्यंत बोलावणारा पुढे निघून गेलेला, वाटी धरून उभे राहणार कोण? टास्कवर चालणाऱ्या प्रॉक्सी मग सगळी उत्तरे एकाच रिस्पॉन्स ऑब्जेक्टमध्ये गुंडाळू लागल्या.

रिमोट कॉलच्या नव्या पिढीतल्या जीआरपीसीने, २०१५ मध्ये, पहिल्यापासूनच तसे ठेवले: एक विनंतीचा मेसेज, एक उत्तराचा मेसेज, आउट नाही. पूर्णांक तिथेही न भरताच पाठवता येतो, आणि प्रोटो-३ या त्याच्या मेसेजच्या भाषेत तो पलीकडे शून्य म्हणूनच वाचला जातो. न पाठवलेले शून्य आणि पाठवलेले शून्य वेगळे ओळखता यावे म्हणून पुढे ‘ऑप्शनल’ हा शब्द परत आणावा लागला. तो लावला की जनरेट होणाऱ्या सी शार्प कोडमध्ये त्या फील्डशेजारी एक बूलियन उगवतो. फक्त ‘स्पेसिफाइड’ऐवजी त्याच्या नावाची सुरुवात ‘हॅज’ने होते.