कॉलेज स्पेनमध्ये, जेवण 'सेन्योरा'च्या हातचं. होस्ट फॅमिलीचा कारभार चालतो तरी कसा?

परदेशात एक सेमिस्टर करून आलेल्या पोरांचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. विमानतळावरची बॅग, मग एखादा दगडी चौक, मग कॉफी, मग सूर्यास्त. पण हे पोरगं तिथे राहतं कुठे, हे रीलमध्ये सहसा दिसत नाही. स्पेनला गेलेल्यांच्या बाबतीत उत्तर बऱ्याचदा असं असतं: एका अनोळखी काकूंच्या फ्लॅटमध्ये, त्यांच्या लग्न होऊन गेलेल्या मुलाच्या खोलीत.

यालाच होस्ट फॅमिली म्हणतात. नाव 'फॅमिली' असलं तरी मामला निम्मा घरगुती आणि निम्मा व्यवहाराचा आहे. तो नीट कळला नाही तर फी भरून, व्हिसा काढून गेलेलं पोरगं चार महिन्यांनी 'ओला' आणि 'ग्राथियास' एवढंच शिकून परत येऊ शकतं.

उदाहरण म्हणून सालामांका घेऊ. माद्रिदपासून साधारण 200 किलोमीटरवरचं, दीड लाखाच्या आत लोकसंख्या असलेलं हे शहर. इथलं विद्यापीठ 1218 सालचं आहे, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते तेव्हाचं. आंतोनियो दे नेब्रिखा याने लिहिलेलं स्पॅनिश भाषेचं पहिलं छापील व्याकरण 1492 साली याच गावात छापलं गेलं. त्यामुळे 'शुद्ध स्पॅनिश शिकायचं तर सालामांकाला जा' असा एक समज आहे. आपल्याकडे पुण्याबद्दल आहे तसाच, आणि तितकाच वादाचा. पण या समजामुळे जगभरातून विद्यार्थी इथे भाषा शिकायला येतात आणि त्यांना ठेवून घेणारी घरंही इथे आहेत.

घर मिळतं कसं? तुम्ही एक फॉर्म भरता. ॲलर्जी आहे का, सिगारेट ओढता का, कुत्रा-मांजर चालेल का, काय खात नाही. विद्यापीठ किंवा प्रोग्राम चालवणारी संस्था त्यावरून घर ठरवते आणि तुमच्या फीमधूनच त्या घराला पैसे देते. 'पेन्सिओन कोम्प्लेता' घेतलं तर नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं, असं तीन वेळचं जेवण. 'मेदिया पेन्सिओन' म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. कपडे बहुतेक घरी आठवड्यातून एकदा धुऊन मिळतात. घराची किल्ली मिळते. स्वयंपाकघराचा ताबा मात्र मिळत नाही.

हे सगळं सांभाळणारी व्यक्ती बहुतेकदा एक मध्यमवयीन किंवा वयस्कर बाई असते, पोरं घराबाहेर पडलेली, कधी नवरा नसलेली. विद्यार्थी तिला 'सेन्योरा' म्हणतात. तिच्यासाठी हा सोबतीचा भाग असेलही, पण तो घरखर्चाचाही भाग आहे, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तिथे पैसा नव्हता, उपकार होते. आजच्या पीजीमध्ये पैसा असतो, पण 'जेवलास का' विचारणारं कुणी असेलच असं नाही. सेन्योराचं घर या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतं.

पहिला धक्का बसतो तो घड्याळाचा. दुपारचं जेवण दोन-अडीचला, कधी तीनला. रात्रीचं नऊ ते दहाच्या दरम्यान. सूर्याच्या हिशेबाने स्पेन लंडनच्या जवळ आहे, पण 1940 साली फ्रँकोच्या राजवटीत घड्याळ एक तास पुढे केलं गेलं, जर्मनीच्या वेळेशी जुळवून, आणि पुढे ते तसंच राहिलं. म्हणून तिथले नऊ हे सूर्याचे आठ किंवा त्याहूनही कमी असतात. उशिरा जेवायच्या सवयीमागे हे एक कारण सांगतात.

जेवण झाल्यावर लगेच उठायचं नसतं. टेबलावरच गप्पा चालू राहतात, त्याला 'सोब्रेमेसा' असा खास शब्द आहे. जुन्या घरांत 'मेसा कामिया' नावाचं गोल टेबल असतं, जमिनीपर्यंत जाड कापड सोडलेलं आणि खाली छोटा हीटर. सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर आहे, थंडी कडक. पाय त्या कापडाखाली, समोर टीव्ही आणि बातम्यांवर सेन्योराची टिप्पणी. सेमिस्टरची खरी भाषा इथे कानावर पडते. तुमच्यासाठी कुणी सावकाश बोलत नाही, आणि पुस्तकात नसलेले शब्द येतात. सर्दी झाल्यावर ती 'एस्तोय कोन्स्तिपादा' म्हणाली, तर इंग्रजीच्या नादाने पोटावरचं औषध पुढे करू नका. तिचं फक्त नाक चोंदलंय.

मराठी पोरांना इथे दोन-तीन गोष्टी आयत्या मिळतात. स्पॅनिशचा त आणि द आपल्यासारखाच दातांवरचा, इंग्रजी बोलणाऱ्यांची तिथे फजिती होते. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे शब्दशः जवळपास 'मला कॉफी आवडते'. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की 'आवडते'चं 'आवडतात' होतं, तसंच तिथे 'गुस्ता'चं 'गुस्तान'. अमेरिकन विद्यार्थी यावर आठवडे घालवतात.

आणि एक गोष्ट अडते. स्पॅनिशमध्ये 'तू' आणि 'उस्तेद' आहेत, आपल्या तू आणि तुम्हीसारखे. आपण अनोळखी काकूंना 'तुम्ही'च म्हणणार. पण स्पेनमध्ये सेन्योरा पहिल्याच दिवशी 'मला तू म्हण' असं सांगू शकते. मराठीत आईला तू म्हणतात, म्हणून हे ऐकून गहिवरून येऊ नका. तिथे तो रोजचा मोकळेपणा आहे, मायेचा दाखला नव्हे.

आता मुद्द्याचा प्रश्न. घरात राहिल्याने भाषा आपोआप येते का? नाही. विल्यम रिव्हर्स यांनी 1998 साली रशियात शिकायला गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास छापला. घरात राहिलेल्यांची बोलण्यातली प्रगती हॉस्टेलवर राहिलेल्यांपेक्षा कमी निघाली, वाचनातली मात्र जास्त. देश वेगळा, भाषा वेगळी, पण गोष्ट विचार करायला लावणारी आहे. कारण समजायला अवघड नाही. 'क्लास कसा झाला?' 'छान.' 'अजून घेणार?' 'नको, ग्राथियास.' एवढ्या संवादात महिना सहज निघतो. मग दार लावून मोबाईल, आणि संध्याकाळी प्लासा मायोरमध्ये आपल्याच देशातल्या पोरांसोबत इंग्रजी किंवा हिंदी.

माझ्या मते यातून बाहेर पडायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे काम. भाजी चिरताना शेजारी उभं राहायचं, बाजारात पिशवी धरायला जायचं, 'हे कसं करतात' विचारायचं. बटाट्याच्या तोर्तियाची कृती विचारली की सेन्योरा गप्प बसणं कठीण. तोर्तिया म्हणजे इथे जाडजूड बटाटा-अंड्याचं ऑम्लेट, मेक्सिकोची पोळी नव्हे.

कुरबुरी होतात त्या बहुधा बारीक गोष्टींवरून. घरात अनवाणी फिरलेलं चालत नाही, सपाता हव्यात. आंघोळ लांबली की दारावर टकटक, कारण गरम पाणी म्हणजे गॅसचं किंवा विजेचं बिल. रात्री जेवायला येणार नसाल तर आधी कळवायचं, नाहीतर तिने केलेलं तसंच पडून राहतं. मित्राला न विचारता घरी आणायचं नाही. ताटात टाकलं तर 'आवडलं नाही का?' हा प्रश्न येणारच, आणि त्यावर खुलासा द्यावा लागणार. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे नियम नवीन वाटणार नाहीत.

शाकाहाऱ्यांनी फॉर्म भरताना जास्त काळजी घ्यावी. 'नो कोमो कार्ने', म्हणजे मी मांस खात नाही, एवढं पुरत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात 'कार्ने' म्हणजे मटणाचा तुकडा असू शकतो. सॅलडमधला ट्यूना किंवा भाजीत टाकलेले 'खामोन'चे, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे त्यात मोजले जातीलच असं नाही. मसुराची आमटी बघून जीव हरखतो, पण ती बऱ्याचदा चोरिसो सॉसेज घालून शिजवलेली असते. तेव्हा मासे, खामोन, चोरिसो, मांसाचा रस्सा, अंडं, जे जे चालत नाही त्याची नावं एकेक करून लिहा, आणि पहिल्या जेवणाआधी तोंडीही सांगा.

कागदपत्रांचं थोडक्यात. 90 दिवसांपर्यंतच्या कोर्सला शेंगेनचा कमी मुदतीचा व्हिसा चालतो, त्यापुढे विद्यार्थी व्हिसा लागतो. मुक्काम सहा महिन्यांच्या वर असेल तर तिथे पोहोचल्यावर महिन्याभरात परदेशी नागरिकांच्या ओळखपत्रासाठीही अर्ज करावा लागतो. स्पेनचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे.

आणि घर जमलंच नाही तर? प्रोग्रामच्या समन्वयकाला सांगून घर बदलून मागता येतं. यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त पहिल्या आठवड्यात नको, कारण त्या आठवड्यात रात्री दहाचं जेवण कुणालाच झेपत नाही.