बोंड किडलं, दोष कुणाचा?

‘शेतकरी बुडतो तो स्वतःच्या आळसानं आणि लग्नातल्या उधळपट्टीनं.’ परभणीतली पगारदार, शिकलेली मंडळी हे इतक्या खात्रीनं बोलतात की आता संताप येतो.

2017 चा खरीप आठवा. गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्याचा कापूस पोखरला. ही अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं, फोडलं की आत सरकी खाल्लेली, कापसाची कवडी झालेली. तिथवर फवारा पोचत नाही. पहिल्या पिढीच्या बीटी बियाण्याला ही अळी दाद देत नाही, हे ते तंत्र आणणाऱ्या कंपनीनं गुजरातच्या बाबतीत 2010 मध्येच मान्य केलं होतं. पुढे दुसरी पिढीही निष्प्रभ ठरली. अळीचा प्रतिकार वाढू नये म्हणून लावायच्या बिगर-बीटीच्या आश्रय ओळी अनेकांनी लावल्या नाहीत, हे खरं. पण ज्यानं लावल्या, त्याच्याही रानात शेजारचा पतंग येतोच. यात आळस कुठे आला?

याच मंडळींच्या घरातलं कुणाचं दुकान बसलं की कारणं निघतात नोटाबंदी, जीएसटी, मंदी. ती खोटी नसतात. मग शेतकऱ्याची कारणं तेवढे बहाणे का? क्राउस, पिफ आणि केल्टनर यांचा 2009 चा अमेरिकेतला अभ्यास सांगतो: वरच्या पायरीवरचा माणूस यशापयशाची कारणं स्वभावात आणि कर्तृत्वात शोधतो, खालचा परिस्थितीत. कारण आयुष्य आपल्या हातात आहे, ही भावना दोघांची सारखी नसते.

अपयशाकडे बघण्याचा हा दुजाभाव कायद्यातही आहे. कंपनी बुडाली तर 2016 च्या दिवाळखोरी संहितेत तिच्यासाठी रीतसर वाट आहे. संचालकानं वैयक्तिक हमी दिली नसेल तर त्याचं घर सहसा वाचतं. शेतकऱ्याच्या कर्जाचा बोजा मात्र थेट सातबाऱ्यावर चढतो.

‘गरीब नेहमी दुसऱ्यालाच दोष देतो’, हेही खरं नाही. सेनेट आणि कॉब यांनी 1972 मध्ये बोस्टनच्या कामगारांबद्दल लिहिलं, त्यातले कितीतरी जण स्वतःलाच कमी लेखत होते.

लग्नात खर्च होतो, नाकारत नाही. पण नोकरदारानं घेतलेल्या मंगल कार्यालयावरून त्याच्या लायकीचा हिशेब कुणी मांडत नाही.

‘नशिबाला दोष देणारा हातपाय हलवत नाही’, असं म्हणणाऱ्यांनी जुलैत जिंतूर-सेलूकडे जावं. पावसानं दडी मारली, पेरलेलं करपलं, की ‘नशीब’ म्हणणारा तोच माणूस उसनवारीनं बियाणं आणून दुबार पेरणी करत असतो.